बर्मा नावाचं लाकूड

भूपेश : ...अन् हे शेवटचं वाच. मोठ्यानं वाच. माय बसली हाय, तिलेही ऐकू दे तिची पोरगी पेपरात काय लिहिते तं.

धनश्री : दादा, तुझं ते पाठ झालंय. सकाळपासून अख्ख्या लकडगंजला फोनवर वाचून दाखवलंस.

भूपेश : वाच म्हणलं ना!

धनश्री : "म्यानमारनं २०१४ साली ओंडक्यांची निर्यात बंद केली. त्यानंतर भारताच्या आयातीत त्या देशातल्या ओंडक्यांचं मूल्य जवळपास शून्यावर आलं आणि त्याची जागा दक्षिण अमेरिका व आफ्रिकेतल्या देशांनी घेतली. मग नागपूरच्या बाजारात आजही 'बर्मा सागवान' या नावानं जे विकलं जातं, ते नेमकं कुठलं?" झालं.

भूपेश : झालं? प्रश्नचिन्ह टाकून झालं? त्या प्रश्नचिन्हानं माही लाकडाची टाल सील केली वं! पाह्य बाहेर. एकेका ओंडक्यावर चुन्यानं आकडे टाकून गेले. आरा मशीनले फीत बांधून गेले. बाबा गेले त्या दिवशीही संध्याकाळून चालू होती ती मशीन. आज बंद हाय. कोणामुळं?

धनश्री : मी तुझं नाव लिहिलेलं नाही.

भूपेश : नाव लिहाले राह्यलं काय? लकडगंजात टाली कितीक हायेत. पाटीवर 'अस्सल बर्मा' कोणाच्या हाय? एकाच्या. बाबांनी रंगवून घेतलेली पाटी. अन् तू म्हणते 'नागपूरच्या बाजारात'. सरळ पत्ताच टाकाचा होता ना, पिनकोडासंग.

तुळजाबाई : तिले मालूम होतं का नोतं, तेवढं इचार.

भूपेश : माय, तू मधात नोको बोलू. तुले घरी बस म्हणलं होतं.

तुळजाबाई : घरी बसून काय करू? शेजारीण सांगत आली, तुमच्या पोराची टाल पोलिसांनी बंद केली म्हणे. ऑटो करून आली मी. पोलिस तं दिसले नाई. माहेच दोन लेकरं दिसले, एकमेकाच्या जिवावर उठलेले.

धनश्री : पोलिस नाही माय, वनखात्याची माणसं. चौकशी होईपर्यंत माल हलवायचा नाही, एवढंच.

भूपेश : एवढंच! ऐकून राहिली ना माय? एवढंच! लग्नसराई तोंडावर हाय. पलंगवाले, सोफावाले फोन करून राहिले, माल कधी देता. मी काय सांगू? माही बहीण कॉलेजात प्रोफेसर हाय, तिले एक प्रश्न पडला होता, त्याचं उत्तर भेटलं का देतो?

धनश्री : तुझा वकील काय म्हणाला?

भूपेश : वकील हसला. पहिले हसला, मंग म्हणे, भूपेशभाऊ, मोठा मजेदार मामला हाय तुमचा. उद्या सुनावणीत म्हणलं, साहेब हे बर्मा हाय, तं विचारतीन, बंदी असून आणलं कुठून? मतलब मी स्मगलर. म्हणलं, साहेब हे बर्मा नाई, तं विचारतीन, मंग दहा वर्षं गिऱ्हाइकाले बर्मा म्हणून काय विकलं? मतलब मी चारसोबीस. दोनातलं काय व्हायचं ते ठरवून या म्हणे. फी मात्र दोन्हीची सारखीच.

धनश्री : मग ठरवलंस?

भूपेश : ठरवलं. तू चुकली.

धनश्री : काय?

भूपेश : तुहे आकडे चुकले. उद्या सकाळी पेपरात छापून आण, 'लेखातल्या आकड्यांत चूक झाली, म्यानमारचे ओंडके अजून येतेत'. दोन ओळी. पेपरवाले छापतेतच चुका. अन् मंग माह्यासंग सुनावणीले चाल, तिथी तोंडानं सांग. प्रोफेसर म्हणून सांग. तुह्या एका चुकीनं टाल वाचते.

धनश्री : म्हणजे तू खोटं बोलायचं नाहीस. मी बोलायचं.

भूपेश : तू खरं बोलून पाह्यलं ना? पाह्य काय झालं तं.

धनश्री : दादा, तो एक दिवस बसून काढलेला तक्ता नाही. वीस वर्षांची आयात आहे. कोणत्या देशातून किती किमतीचं कठीण लाकूड आलं, वर्षागणिक, देशागणिक.

भूपेश : किंमत! रुपया पडला का तुह्या रेघा आपोआप वर जातेत. हे तं पानठेल्यावालाही सांगीन.

धनश्री : म्हणून मी रुपयात घेतलेच नाहीत. डॉलरमध्ये घेतले.

भूपेश : अन् तिकडचे आकडे अन् आपले आकडे जुळतेत काय? मले मालूम हाय, नाई जुळत. माल तिकडून निघते एका भावानं अन् बंदरावर उतरते दुसऱ्या भावानं.

धनश्री : नाही जुळत. ते जहाजावर चढवतानाची किंमत लिहितात, आपण उतरवतानाची. भाडं आणि विमा मध्ये चढतो. म्हणून मी दोन्ही बाजूंचे आकडे शेजारी शेजारी लावले. आकडे वेगळे आहेत. पण बर्माची रेघ दोन्हीकडे एकाच जागी कोसळते. तिथे भाड्याचा आणि विम्याचा काही संबंध नाही. तिथे मालच नाही.

भूपेश : चिरलेला माल येते अजून बर्मातून. फळ्या येतेत. त्याच्यावर बंदी नोती. ते काहून नाई लिहिलं?

धनश्री : लिहिलंय. तिसरा परिच्छेद. तू शेवटचाच वाचत बसलास. आणि तुझ्या टालीत फळ्या कुठे आहेत? दाराशी जाऊन बघ. सगळे ओंडके आहेत. आता फळ्या म्हणशील तर खात्याच्या माणसालाही डोळे आहेत.

भूपेश : तुले मजा येऊन राहिली.

धनश्री : मला काही मजा येत नाही.

भूपेश : येऊन राहिली. लहानपणापासून तुले मास्तरणीवाणी लाल रेघ मारायची हौस. अन् एक सांगू? ज्या शाळेत, ज्या कॉलेजात शिकली ना तू, त्याची फी ह्या बर्मानंच भरली. त्या पाटीनं भरली. तवा नाई विचारलं तू, हे नेमकं कुठलं?

धनश्री : तेव्हा विचारायचं कारण नव्हतं. मी शिकले तेव्हा बर्मा खरंच बर्माहून यायचं. तक्त्यात आहे तेही.

भूपेश : तक्ता, तक्ता, तक्ता! फाडून टाकीन मी तो तक्ता!

तुळजाबाई : फाडू नोको. मले पाहाचा हाय अजून.

भूपेश : तुले काय समजते त्याच्यातलं, माय?

तुळजाबाई : तुले तरी काय समजलं?

धनश्री : माय, थांब. दादा, ऐक. मी चुकले असं छापून येणार नाही, कारण मी चुकलेली नाही. पण उद्या मी येते सुनावणीला. हाच तक्ता घेऊन येते. याच्यावरून सिद्ध होतं की तुझं लाकूड बर्माचं असूच शकत नाही. ते इक्वाडोरचं आहे. रीतसर आलेलं आहे, बंदराची कागदं आहेत, कर भरलेला आहे. तू स्मगलर नाहीस, हे माझा तक्ताच सांगेल.

भूपेश : अन् चारसोबीस हाय, हे कोण सांगीन? तेही तूच?

धनश्री : ते तू सांगशील. म्हणशील, व्यापारात 'बर्मा' हे चांगल्या मालाचं नाव पडलंय, देशाचं राहिलं नाही. पाटी उतरवतो. दंड होईल, भरशील. टाल तर सुटेल.

भूपेश : हो ना! खरं तेच हाय! बर्मा मतलब कॉलिटी. पिवळा रंग, बारीक रेषा, तेलकट हात. देश कोण पाह्यते वं? पुणेरी जोडा काय सारा पुण्यातूनच येते?

धनश्री : मग गिऱ्हाइकाला तसं सांगतोस? 'भाऊ, बर्मा म्हणजे कॉलिटी, लाकूड दुसऱ्या देशाचं आहे' असं?

भूपेश : कोणी इचारत नाई.

धनश्री : विचारत नाही कारण पाटीवर लिहिलंय! तुझे हमाल त्याच लाकडाला काय म्हणतात, सांग मायला. सांग ना. मी ऐकलंय गाडी उतरवताना.

तुळजाबाई : काय म्हणतेत?

भूपेश : काही नाई.

धनश्री : 'येकदोर'. इक्वाडोर म्हणता येत नाही म्हणून येकदोर. 'येकदोरची गाडी आली', 'येकदोर डावीकडे लाव'. हमालांना माहीत आहे, मशीनवाल्याला माहीत आहे, तुला माहीत आहे. फाटकाच्या आत येकदोर आणि फाटकाबाहेर बर्मा. मग कॉलिटी कशी झाली ती? कॉलिटी फाटकापाशी बदलते का?

भूपेश : हे सारं तू मले घरी येऊन नोती सांगू शकत? पेपरात कायले?

धनश्री : काहून नोती सांगू शकत? दर दिवाळीले सांगतलं! भाऊबीजेचं ताट हातात होतं तवा सांगतलं! तू म्हणलं, ओवाळ लवकर, गिऱ्हाईक बसलं हाय!

तुळजाबाई : पाह्य, चिडली का आपल्या भाषेत येते.

भूपेश : अन् लिहिताना मालूम होतं तुले? माह्या डोळ्यात पाह्य. लिहिताना मालूम होतं ना, हे माह्यावर येईन?

धनश्री : कोणाचंही नाव...

तुळजाबाई : सरळ सांग वं.

धनश्री : होतं. माहीत होतं. मला वाटलं, चारचौघांत विचारलं तर तरी थांबशील. माल सील होईल असं नव्हतं वाटलं. हे खरं आहे, तुला पटो न पटो.

भूपेश : घे. ऐकलं माय? रक्ताच्या भावाले चारचौघात नागवं करून विचारलं. सख्खी बहीण. दुश्मनाचं बरं, तो राखीचा धागा नाई बांधत.

धनश्री : आणि तू बाबांच्या पाटीचं काय केलंस? बाबा पाटीवर गोणा टाकायचे, आठवतं? बर्माचा माल संपला की शिडी लावून पाटी झाकून टाकायचे. मी शिडी धरायची. गिऱ्हाईक आलं की म्हणायचे, आज पाटी झोपली आहे, पुढच्या गाडीला या. दुसरं लाकूड हवं तर घ्या, त्याच्या नावानं घ्या.

भूपेश : तो जमाना गेला! बाबांच्या वेळी महिनाभर गोणा टाकून बसता येत होतं. आज एक दिवस टाकला तं गिऱ्हाईक बाजूच्या टालीत जाते अन् बाजूचा त्याले येकदोरच देते, 'बर्मापेक्षा भारी' म्हणून! मी काय करू? गोणा पांघरून झोपू? दोन पोरं शिकून राहिले माहे, मशीनवर आठ माणसं हायेत, त्यायच्या घरी चूल हाय. तू पहिल्या तारखेले पगार उचलते, तुले खरं बोलणं परवडते!

धनश्री : माझ्या पगाराचं...

तुळजाबाई : चूप बसा दोघंही. धने, तो कागद आण इकडं.

धनश्री : कोणता? लेख?

तुळजाबाई : रेघावाला. हां. ह्या रंगीत रेघा कायच्या?

धनश्री : एकेक रेघ एकेका देशाची, माय. डावीकडे जुनी वर्षं, उजवीकडे आत्ताची. जितकी रेघ वर, तितकं जास्त किमतीचं लाकूड त्या देशातून आलं.

तुळजाबाई : मागावरच्या ताण्यावाणीच हाय तं. बर्माची कोणती?

धनश्री : ही, हिरवी.

तुळजाबाई : वरून चालली, चालली... अन् अठी तुटली. हे कोणतं साल?

धनश्री : तेच. चौदा. त्याच्या आधी सगळ्यांनी घाईनं भरून आणलं, म्हणून आधी जरा चढलेली दिसते. मग पडली.

तुळजाबाई : अन् ही लाल, खालून वर येते ते?

धनश्री : ती इक्वाडोर. तिच्याखाली घाना, ब्राझील, आणखी काही.

तुळजाबाई : बरं. तुहा बाप गेला तवा ही हिरवी रेघ कुठी होती?

धनश्री : माय...

तुळजाबाई : बोट ठेव. मले आकडे नाई वाचता येत.

धनश्री : इथे. जमिनीला टेकलेली.

तुळजाबाई : अन् त्याच्या नावानं देला तो समाजभवनाचा दरवाजा त्याच्यानंतर बसवला. वर्षश्राद्धाले. गुलाल लावून, बँड लावून.

भूपेश : माय, तो जुना माल होता.

तुळजाबाई : होता काय?

भूपेश : टालीत पडून होता. बाबांनी ठेवलेला.

तुळजाबाई : मी इचारून राहिली, होता काय?

(शेजारच्या टालीवरची आरा मशीन सुरू होते आणि बराच वेळ चालते.)

धनश्री : माय, राहू दे आता. मी दरवाज्याबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही.

भूपेश : उपकार झाले तुहे.

तुळजाबाई : पितळेवर काय लिहिलं हाय गा, भूपेश? त्या दरवाज्यावर पितळेची पाटी हाय ना. मी दर सणाले पदरानं पुसते. काय लिहिलं हाय?

भूपेश : तुले मालूम हाय.

तुळजाबाई : मले वाचता येत नाई. तू वाचून दाखवलं होतं. आता डबल सांग.

भूपेश : 'अस्सल बर्मा सागवान. कैलासवासी बाबनराव यांच्या स्मरणार्थ.'

तुळजाबाई : तुहा बाप मागावरून काहून उठला, मालूम हाय तुले?

भूपेश : पॉवरलूम आले म्हणून. साऱ्या कोष्ट्यायचे माग बंद झाले.

तुळजाबाई : पॉवरलूमले तो घाबरत नोता. त्याच्या हातचं लुगडं शेठ न पाहता घेत होता. काठाच्या घडीत नावाची चिठ्ठी ठेवे तुहा बाप, बाबनराव, तांडापेठ. बाया ती चिठ्ठी पाहून लुगडं मागत. मंग शेठनं काय केलं? कामठीचं पॉवरलूमचं लुगडं आणलं अन् त्याच्यात तुह्या बापाची चिठ्ठी टाकली. एक नाई, गठ्ठेच्या गठ्ठे. आमाले पत्ताच नाई.

धनश्री : माय, हे कधी सांगितलं नाहीस.

तुळजाबाई : सांगण्यासारखं काय होतं त्याच्यात? एक दिवस उमरेडचा एक माणूस दारात आला. पोरीच्या लग्नातलं लुगडं घेऊन. पहिल्याच पाण्यात काठाचा रंग साऱ्या अंगावर उतरला होता. सासरी पोरीले बोलणे बसले. तुह्या बापानं ते उजेडात धरलं, अन् म्हणे, हे माह्या हातचं नाई. तो माणूस म्हणे, चिठ्ठी तं तुहीच हाय. तुहा बाप शपथा घेऊन राहिला, तो माणूस चिठ्ठी दाखवून राहिला. सारी गल्ली पाहून राहिली. शेवटी तो माणूस तुह्या बापाच्या उंबऱ्यावर थुकला अन् चालला गेला.

भूपेश : माय...

तुळजाबाई : त्या दिवशी मागावरचा धोटा खाली ठेवला, तो डबल हाती धरला नाई. लकडगंजात येऊन ओंडके वाह्यले. कोष्ट्याच्या हाताले घट्टे पडले. टाल घेतली तवा पेंटरले म्हणे, बर्मा लिही, पण एक गोणा माह्याजवळ ठेवून जा. मी हसली होती तवा. म्हणलं, पाटीले कोणी चादर ओढते काय? तं म्हणे, माह्या नावाखाली जे लिहिलं ते अंदर नसलं, तं माणूस पुन्हा दारात येईन.

भूपेश : मले काय मालूम होतं हे! कोणी सांगतलं मले? तुमी दोघांनी मिळून दाबून ठेवलं अन् आता माह्या तोंडावर मारून राहिले!

तुळजाबाई : तुले गोणा मालूम होता. गोणा पुरत होता.

भूपेश : मी बाबांचं नाव मोठं कराले गेलो होतो! बर्माचा दरवाजा देईन समाजाले, हे तेच म्हणत होते दवाखान्यात. शेवटी शेवटी तेच बोलत. मी पार गांधीधामच्या लाकूडबाजारापर्यंत जाऊन आलो, माय. साऱ्या गोदामायत पाह्यलं. बर्मा भेटलंच नाई. कोणापाशीच नोतं. वर्षश्राद्ध तोंडावर आलं, कार्ड छापले, भवनवाल्यायनं जुना दरवाजा काढून ठेवला. मी काय सांगाचं होतं? बापाची शेवटची गोष्ट होती, अन् माल नाई म्हणून सांगाचं?

धनश्री : हो. तेच सांगायचं होतं.

भूपेश : तू बोलूच नोको! तू त्या दिवशी कुठी होती? चर्चासत्र होतं तुहं. फोटो पाह्यला तू दरवाज्याचा, मोबाइलवर, अन् अंगठा पाठवला!

धनश्री : हो. आणि फोटो पाहताच मला कळलं होतं ते बर्मा नाही. तारीख पाहून कळलं. अंगठा पाठवला, कारण तू रडत होतास फोटोत. मग मीही इतकी वर्षं गप्प बसले. दर सणाला माय पितळ पुसायची तेव्हा शेजारी उभी राहून गप्प बसले. आता झालं समाधान? दोघंही सारखेच आहोत.

भूपेश : सारखे नाई. माही टाल सील झाली, तुही खुर्ची जाग्यावर हाय.

तुळजाबाई : भांडायचं असन तं मंग भांडजा, जनम पडला हाय. भूपेश, आज पहिले भवनात जाय. ते पितळ काढून आण.

भूपेश : काढून? माय, लोक इचारतीन. अध्यक्ष इचारन. बर्मा शब्द खोडून घेतो ना, नवी पाटी करतो. बाबांचं नाव तसंच ठेवतो.

तुळजाबाई : तू बर्मा ठेव का खोड, ते तुहं तू पाह्य. माह्या माणसाचं नाव काढ. जितेपणी त्याची चिठ्ठी दुसऱ्याच्या कापडात टाकली, त्याच्यात त्याचा इलाज नोता. मेल्यावर पोटच्या पोरानं टाकली. हे मी पदरानं पुसत होती. मीच पुसत होती, भूपेश.

भूपेश : ...काढतो.

तुळजाबाई : अन् उद्या साहेबासमोर काय म्हणशीन?

भूपेश : वकील जे...

तुळजाबाई : वकिलाचं नाव चिठ्ठीवर नाई. तू काय म्हणशीन?

भूपेश : म्हणीन... हे बर्मा नाई.

तुळजाबाई : मंग कोणतं हाय?

भूपेश : येकदोर.

धनश्री : तसं नको म्हणू तिथे. नीट म्हण.

भूपेश : हे पाह्य, आत्ताच मास्तरीण निघाली! नाई येत मले, कधी म्हणलंच नाई तं कसं येईन? सांग एकदा. अन् हसली तं याद राख.

धनश्री : हसत नाही. इक्वाडोर.

भूपेश : इक्... वाडोर. इक्वाडोर. लाकूड इक्वाडोरचं हाय, साहेब. भवनाचा दरवाजाही इक्वाडोरचा हाय.

धनश्री : दरवाज्याचं त्यांनी विचारलेलं नाही.

भूपेश : ते नाई इचारणार. समाज इचारन. दोनी जागी एकच बोललं तं लक्षात राहते.

धनश्री : मी येऊ उद्या? तक्ता घेऊन?

भूपेश : तक्ता पाठव. तू नोको येऊ. तुह्याकडं पाह्यलं का माह्या अंगाची आग होते, अन् मले तिथी शांत राहाचं हाय. एवढ्या लवकर नाई विझणार हे, धने. खोटं कायले बोलू?

धनश्री : नको बोलूस. मीही नाही म्हणत. तक्ता छापून आणून देते, फाटकावर ठेवीन.

तुळजाबाई : ते लाकूड कसं हाय गा? दरवाज्याचं?

भूपेश : चांगलं हाय, माय. इतके पावसाळे झाले, फुगला नाई, वाकला नाई. बर्मा नाई, पण लाकूड खोटं नाई.

तुळजाबाई : मंग त्याले त्याच्या नावानं उभं राहू देलं असतं तं काय बिघडलं असतं? बरं, उठव मले. शिडी हाय काय टालीत, का तिलेही फीत बांधली?

भूपेश : शिडी हाय. कायले?

तुळजाबाई : पाटी झाकाले. गोणा काढ एखादा. धने, तू शिडी धर, तुले सवय हाय.

भूपेश : झाकतो, माय. पण किती दिवस?

तुळजाबाई : तुहा बाप ठेवे तेवढे. बर्माचा माल येईस्तोवर.

भूपेश : बर्माचा माल आता येत नाई, माय.

तुळजाबाई : मंग गोणा चांगला जाड पाह्य.